फेरेट घरात मोकळा सोडायचा तर : वाचकांचे प्रश्न

बडोद्याच्या मराठी घरांतून फेरेटबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांची अडचण एकच आहे : पिंजऱ्यात ठेवला तर जीव तुटतो, मोकळा सोडला तर कुठे जाईल याचा नेम नाही. ज्यांनी फेरेट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा पाणमांजराच्या कुळातला, लांबट अंगाचा, आखूड पायांचा मांसाहारी प्राणी. मादीचं वजन साधारण पाऊण ते एक किलो, नराचं एक ते दोन किलो. युरोपात दोन हजारांहून अधिक वर्षं तो माणसाळलेला आहे आणि सशांच्या बिळांत सोडण्यासाठीच त्याची पैदास होत आली. अरुंद, अंधाऱ्या फटीत डोकं खुपसणं ही त्याची खोड नव्हे, तो त्याचा पिढीजात धंदा आहे. पुढची सगळी उत्तरं या एका गोष्टीभोवती फिरतात.

प्रश्न : दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. पाच महिन्यांचा नर आणलाय. पिंजरा चांगला मोठा आहे, तरी तो सळ्या चावत बसतो. घरात सोडला तर सोफ्याखाली गेला आणि तासभर सापडलाच नाही. सुरुवात कुठून करावी? (मांजलपूर)

उत्तर : फेरेट दिवसाचे चौदा ते अठरा तास झोपतो. उरलेल्या तासांत मात्र त्याला धावायला, उकरायला, बोगद्यात शिरायला जमीन लागते. रोज किमान चार तास तो बाहेर असायला हवा. सळ्या चावणं ही त्या जमिनीची मागणी आहे. दात तुटेपर्यंत ते चालू देऊ नका. पिंजरा झोपेसाठी आणि तुम्ही घरात नसाल तेव्हासाठी.

अख्खं घर एकदम तयार करायच्या फंदात पडू नका. आमचं स्पष्ट मत असं, की एक खोली पूर्ण सुरक्षित असलेली बरी, चार खोल्या अर्ध्यामुर्ध्या नकोत. सगळ्यांत कमी सामानाची, मोरी नसलेली बेडरूम निवडा. स्वयंपाकघर या हिशेबात कधीच धरू नका. तिथे गॅसची रबरी नळी असते, फ्रिजच्या मागे गरम कॉम्प्रेसर आणि पंखा असतो, ओट्याखालच्या ट्रॉल्यांच्या मागे हात पोचत नाही अशी पोकळी असते.

खोली ठरली की हातात बॅटरी घेऊन जमिनीवर पालथे पडा आणि भिंतीच्या कडेकडेने सगळी खोली फिरा. उभ्याने पाहिलेली खोली आणि फेरेटच्या उंचीवरून पाहिलेली खोली यांत फार फरक असतो. प्रत्येक फटीत अंगठा घालून बघा. अंगठा सहज आत गेला, म्हणजे फट दोन सेंटिमीटरच्या आसपास असेल, तर ती बुजवायची. अडीच सेंटिमीटरला तर प्रश्नच नाही. फेरेटचं डोकं शिरलं की मागचं अंग शिरतंच, कारण बरगड्या लवचीक आहेत आणि कणा वाटेल तसा वळतो. तुमचा पाच महिन्यांचा आहे, अजून अंगाने भरायचा आहे. अंगठ्याचं माप सध्या काटेकोर पाळा.

नेमकं काय सापडेल ते सांगतो. दरवाजाखालची फट सर्वांत आधी. तिला फोमची किंवा रबराची पट्टी लावू नका. तो ती कुरतडेल आणि गिळेल, म्हणजे फट बुजवताना नवा धोका घरात आणल्यासारखं होईल. अॅल्युमिनियमच्या पट्टीत ब्रश बसवलेलं डोअर सील मिळतं ते बाहेरच्या बाजूने लावा, किंवा सुताराकडून दरवाजाच्या तळाला लाकडी पट्टी ठोकून घ्या. जमीन आणि पट्टी यांत एक सेंटिमीटरपेक्षा कमी जागा राहिली पाहिजे. दुसरं, एसीच्या पाइपचं भोक. भिंतीत साठ-सत्तर मिलिमीटरचं भोक पाडून वरून पुट्टी लिंपलेली असते. ती फेरेट नखांनी उकरून काढतो आणि भोक थेट बाहेर, दुसऱ्या मजल्यावर उघडतं. तिथे सिमेंट भरून वर पत्र्याची चकती स्क्रूने बसवा. तिसरं, भिंतीतल्या कपाटाचा तळ. सनमायकाच्या पट्टीमागे बहुधा पोकळी असते आणि कोपऱ्यात पट्टी सुटलेली असते.

आता सोफा. तुमचा फेरेट सोफ्याखाली नव्हता, सोफ्याच्या आत होता. सोफ्याच्या तळाला काळं पातळ कापड स्टेपल केलेलं असतं. ते फाडून तो आत चढतो आणि फोमच्या कुशीत झोपतो. मग कुणीतरी येऊन धप्पकन बसतं. घरातल्या घरात फेरेट दगावतात त्यांतला मोठा वाटा अशा चेंगरण्याचा असतो. सोफा उलटा करा, सहा मिलिमीटरचा प्लाय तळाच्या मापाने कापून स्क्रूने बसवा, स्टेपलवर भिस्त ठेवू नका. रिक्लायनर आणि सोफा-कम-बेड मात्र फेरेटच्या खोलीत असूच नयेत. त्यांच्या घडीच्या यंत्रणेला कुठलंही झाकण पुरत नाही. स्टोरेजच्या दिवाणाचं झाकण उघडं राहिलं असेल तर आत हात फिरवल्याशिवाय बंद करायचं नाही. पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनलाही हाच नियम. मळक्या कपड्यांच्या ढिगात झोपणं त्याला सगळ्यांत आवडतं.

वायर केसिंग पट्टीत घाला. चार्जर, इअरफोन, रिमोट जमिनीपासून मीटरभर वर. मोबाइलच्या कव्हरापासून कुकरच्या रिंगपर्यंत जे जे मऊ आणि ताणलं जाणारं, ते ते तोंडात जातं.

बाल्कनीच्या ग्रिलला बारा मिलिमीटर चौकोनाची वेल्डेड जाळी तारेने बांधा, तळापासून छतापर्यंत. नायलॉनची मच्छरदाणीवाली जाळी एका दुपारीत फाटते. फेरेट चढतो बऱ्यापैकी, उतरायचं मात्र त्याला धड जमत नाही आणि उंचीची भीतीही नसते. दुसऱ्या मजल्यावरून खाली पाऊल टाकायला तो कचरणार नाही.

खोलीच्या दारात आडोसा करायचा असेल तर बारा मिलिमीटरचा, दोन्ही बाजूंनी सनमायका लावलेला प्लाय घ्या. उंची पंचाहत्तर ते ऐंशी सेंटिमीटर. चौकटीच्या दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमचा यू-चॅनल लावून प्लाय वरून खाली सरकवायचा. जाळीचा किंवा सळ्यांचा आडोसा निरुपयोगी, तो शिडीसारखा चढून जातो. गुळगुळीत पृष्ठभागावर मात्र नखं टिकत नाहीत.

पहिला आठवडा फक्त ही खोली. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, आणि पूर्ण वेळ कुणीतरी आत बसलेलं. हातात मोबाइल नको. तो कुठे नाक खुपसतो ते पाहा, कारण तुमच्या नजरेतून सुटलेली फट तो पहिल्या दोन दिवसांत शोधून देतो. आठवडाभर नवी फट सापडली नाही की मग हॉलचा विचार करा. याच दिवसांत एक सवय लावा. डबी एका ठरावीक लयीत वाजवायची आणि आला की उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्यायचा. दिवसातून चार-पाच वेळा केलं की पंधरवड्यात तो डबीच्या आवाजाला धावत येऊ लागतो. पुढे कधी हरवला तर ही डबीच उपयोगी पडते.

प्रश्न : दांडिया बाजारात आमचा जुना वाडा आहे. लाकडी जिना, वरच्या मजल्यावर फळ्यांची जमीन, बैठकीत पितळी कड्यांचा हिंचका. घरात आजी-आजोबा आहेत. नातवाला फेरेट हवा आहे. वाड्यात तो मोकळा ठेवता येईल का?

उत्तर : वाड्यात येईल, पण अख्ख्या वाड्यात नाही. फळ्यांच्या जमिनीत जुन्या लाकडाच्या फटी असतात आणि फळी व खालची तक्तपोशी यांच्यामध्ये आडवी पोकळी असते. फेरेट एकदा तिथे शिरला की फळी उचकटल्याशिवाय बाहेर निघत नाही. शिवाय त्या पोकळीत उंदीर असले की त्यांच्यासाठी टाकलेलं औषधही असतं. उंदीर मारायचं औषध फेरेटने थेट खाल्लं काय किंवा औषध खाल्लेला उंदीर खाल्ला काय, दोन्ही जिवावर बेततं. फेरेट घरात यायच्या आधी सगळं औषध शोधून काढा. झुरळांच्या खडूच्या रेघा ओल्या फडक्याने पुसून घ्या. कपाटांतल्या आणि मोरीतल्या डांबराच्या गोळ्या काढून टाका. वाड्यात या तिन्ही गोष्टी हमखास सापडतात.

तळमजल्यावरची, शहाबादी किंवा कोटा फरशीची एक खोली त्याला द्या. फरशी उन्हाळ्यात थंड राहते हा वरचा लाभ. पावलं घसरू नयेत म्हणून धावण्याच्या वाटेवर सुती सतरंजी टाका. फासे असलेला गालिचा नको, त्यात नख अडकून उपटलं जातं. मोरीची जाळी सैल असेल तर तिला स्क्रू मारून घ्या. जुन्या नहाणीत ती नुसती ठेवलेली असते, फेरेट ती नाकाने उचलतो आणि खालच्या पाइपात उतरतो. पाण्याने भरलेली बादली किंवा घंगाळ जमिनीवर ठेवू नका. काठावरून आत पडला तर गुळगुळीत आतल्या बाजूने त्याला वर येता येत नाही.

हिंचक्याबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण बडोद्यातल्या घरांत हा खरा धोका आहे. पाट जमिनीपासून हात-दीड हात उंच असतो, बसणारा पायाने रेटा देतो आणि नेमका त्या पायाशी फेरेट खेळायला येतो. पाटावर गादी असेल तर तो गादीखाली जाऊन झोपतो. फेरेट मोकळा असेल त्या वेळात हिंचका दोरीने खांबाला बांधून ठेवायचा, घरातल्या कुणीही, पाहुण्यानेही बसायचं नाही. आजोबांना सकाळचा चहा हिंचक्यावर घ्यायची सवय असेल तर फेरेटची वेळ बदला, आजोबांची नको. फेरेट घराच्या वेळापत्रकाशी आठवड्या-दोन आठवड्यांत जुळवून घेतो.

आजी-आजोबांसाठी आणखी एक. ऐंशी सेंटिमीटरचा आडोसा ओलांडायला लावू नका, पाय अडकून पडायची भीती असते. त्या दारात बिजागरीचं अर्धं दार करून बाहेरून कडी लावा. देवघर जमिनीलगत असेल तर ते फेरेटच्या हद्दीबाहेर हवं. समई हे एक कारण झालं, पण तुपात भिजवलेल्या वाती त्याहून वाईट. तुपाच्या वासाने तो वात गिळतो आणि कापसाचा पीळ आतड्यात अडकतो.

प्रश्न : गोत्रीला सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. मे महिन्यात खोली भट्टीसारखी होते. कूलर आणि पंखा आहे. फेरेटला तेवढं पुरेल का?

उत्तर : नाही. हे उत्तर कठोर वाटेल, पण वरचा मजला, बडोद्याचा मे आणि नुसता पंखा, यात फेरेट जगवणं शक्य नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी नावापुरत्या असतात. पंखा आपल्याला गार वाटतो तो घाम वाळवतो म्हणून. ज्याला घामच येत नाही त्याच्या अंगावरून पंखा नुसती गरम हवा फिरवतो. पंधरा ते चोवीस अंश त्याला मानवतात. सत्तावीसच्या पुढे तो मलूल होतो, बत्तीसच्या पुढे उष्माघाताची भीती खरी.

थर्मामीटर भिंतीवर टांगू नका, फेरेट जिथे झोपतो तिथे जमिनीवर ठेवा आणि दुपारी तीनला व रात्री दहाला वाचा. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उष्णता खाली सोडतो. दुपार टळली की सुटलो असं समजणाऱ्यांची फसगत होते ती रात्री दहाच्या सुमारास. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर बरंच काम करतो, खिडकी उघडी असेल तर. जूनच्या मध्यावर हवा दमट झाली की तोच कूलर खोलीत फक्त ओल वाढवतो. म्हणून एक खोली एसीची हवी, चोवीस-पंचवीसवर लावलेली. आणि ही व्यवस्था होईपर्यंत फेरेट आणूच नये, हे आम्ही भीड न ठेवता सांगतो. आधीच आणला असेल तर मार्च ते जून त्याची खोली घरातली सर्वांत थंड खोली असली पाहिजे, मग ती तुमची झोपायची खोली का असेना.

खिडकीतला कूलर असेल तर त्याच्या चौकटीभोवतीच्या फटी तपासा, तिथे पुठ्ठा खोचलेला असतो. पुठ्ठा म्हणजे दार उघडंच. कूलरची पाण्याची टाकी झाकलेली हवी.

वीज गेली तर काय, याची तयारी आधी करायची. एक लिटरच्या दोन बाटल्या पाणी भरून फ्रीजरमध्ये कायम ठेवा. वीज गेली की जुन्या टॉवेलात गुंडाळून त्याच्या कोपऱ्यात ठेवा, बिछान्यात नाही. नको वाटलं तर त्याला दूर सरकता आलं पाहिजे. कोरड्या हवेत मातीचं मडकंही फार कामाला येतं. रुंद तोंडाचं, काठ गुळगुळीत असलेलं मडकं आडवं ठेवायचं, घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंना विटा, आणि बाहेरून ओलं गोणपाट. आत बऱ्यापैकी गारवा राहतो. पावसाळी हवेत याचा उपयोग नाही.

तोंड उघडून धापा टाकणं, नाक आणि तळवे लालभडक होणं, अंग टाकून देणं, ही उष्माघाताची लक्षणं. लगेच थंड जागी न्या, पाय, पोट आणि जांघा साध्या गार पाण्याने भिजवा. बर्फाचं पाणी नको, त्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आतली उष्णता आतच कोंडते. शुद्धीवर असेल तर पाणी पुढे धरा, तोंडात ओतू नका. आणि सावरला असं दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, कारण आतल्या अवयवांना झालेली इजा नंतर दिसते.

प्रश्न : मी युनिव्हर्सिटीत शिकते, फतेगंजला भाड्याच्या खोलीत राहते. घरमालक भिंतीला खिळाही मारू देत नाहीत. आणि तो सगळ्या कोपऱ्यांत घाण करतो. दोन्हींवर उपाय सांगा.

उत्तर : खिळ्याशिवाय बरंच होतं. आडोशाचा प्लाय चौकटीपेक्षा दहा-दहा सेंटिमीटर रुंद कापून घ्या, चौकटीला बाहेरून टेकवा आणि त्याला लागून भरलेली पत्र्याची पेटी किंवा पाण्याचा वीस लिटरचा जार ठेवा. आतून ढकलला तरी सरकत नाही. कपाटाखालची फट लाकडी ठोकळ्यांनी घट्ट बुजवा. सेफ्टी डोअरच्या सळ्यांना तीन मिलिमीटरचं पॉलिकार्बोनेट शीट केबल टायने बांधा, जमिनीपासून ऐंशी सेंटिमीटरपर्यंत, आणि टायची टोकं बाहेरच्या बाजूला कापा. पुठ्ठा, वर्तमानपत्र, सेलोटेप यांवर विसंबू नका.

घाणीचं म्हणाल तर, फेरेटचं खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं, त्यामुळे त्याला वरचेवर जावं लागतं आणि दूरच्या खोक्यापर्यंत पोचायला तो थांबत नाही. तो पाठीमागे सरकत सरकत कोपऱ्याला टेकतो आणि उरकतो. म्हणजे कोपरा त्याने निवडलेलाच आहे, तुम्ही फक्त तिथे ट्रे ठेवायचा. छोट्या खोलीत दोन ट्रे, मोठ्या खोलीत तीन. मागची कड वीस सेंटिमीटर उंच, पुढची पाच-सहा, म्हणजे चढायला सोपं. ट्रेमध्ये कागदाच्या गोळ्यांचं लिटर, म्हणजे घाण शोषून घेणारा थर, घाला. मांजरांसाठी मिळणारं गोळा होणारं मातीचं लिटर आणि देवदाराचा भुसा नको. पहिल्याची धूळ नाकात जाते आणि दुसऱ्याचा वास फुप्फुसांना त्रास देतो. धुतल्यावर नव्या ट्रेमध्ये जुन्यातला थोडासा मळ ठेवा, वासाने त्याला जागा कळते.

झोपेतून उठल्यावर पाच-दहा मिनिटांत तो जातोच. पिंजऱ्यातून काढण्याआधी पिंजऱ्यातल्या ट्रेमध्ये उरकू द्या, मगच दार उघडा. नको असलेल्या कोपऱ्यात त्याची चादर किंवा खाण्याची वाटी ठेवा, जिथे खातो-झोपतो तिथे तो सहसा घाण करत नाही. चुकला म्हणून नाक घाणीत घासणं, चापट मारणं, हे करू नका. त्याने तो फक्त तुमच्यापासून लपून करायला शिकतो. एवढं करूनही दहातल्या एक-दोन वेळा चुकेल, हे धरूनच चाला.

वासासाठी वारंवार अंघोळ घालणारे वाचक पुष्कळ आहेत. अंघोळीने कातडी कोरडी पडते आणि तेलग्रंथी आणखी स्रवतात, वास वाढतोच. अंथरूण आठवड्याला धुवा, वास निम्मा तिथेच असतो.

प्रश्न : आमच्या फेरेटने गेल्या महिन्यात रबरी चपलेचा अंगठा कुरतडून खाल्ला. काही झालं नाही. काळजी करावी का? (निझामपुरा)

उत्तर : करावी. रबर पचत नाही. तुकडा पोटात महिनोन्महिने राहून एके दिवशी आतड्यात जाऊन अडकू शकतो. दोन वर्षांखालच्या फेरेटमध्ये आतडं अडकण्याचं सर्वांत नेहमीचं कारण रबर, फोम आणि सिलिकॉन हेच. खाणं सोडलं, तोंडावर पंजे फिरवतोय, दात खातोय, लाळ गळतेय, शी दोऱ्यासारखी बारीक किंवा काळी होतेय, उलटी काढतोय, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्यावर टाकू नका, फेरेट फार काळ उपाशी राहू शकत नाही. घरच्या घरी एरंडेल पाजण्याच्या भानगडीत पडू नका, आतडं पूर्ण बंद असेल तर फाटतं.

चपला घराबाहेर बंद स्टँडमध्ये ठेवा, उघड्या रॅकमध्ये नको. आणि दर आठवड्याला त्याची लपवायची जागा शोधून रिकामी करा. लॅटिनमधल्या चोर या अर्थाच्या शब्दावरूनच फेरेटचं नाव आलंय. कुठेतरी पलंगामागे त्याचा साठा असतो, त्यात खोडरबर, बाटलीची बुचं, इअरफोनची टोपणं निघतात. खेळणी द्यायची ती जाड कापडाची, डोळे-बटणं काढलेली. सर्वांत उत्तम खेळणं म्हणजे चार इंची पीव्हीसी पाइप. मीटरभराचे दोन-तीन तुकडे, कापलेली कड पॉलिश पेपरने घासलेली, मध्ये जोडायला पंचेचाळीस अंशांचे बेंड. सलग लांब बोगदा करू नका, आत बसून राहिला तर हात पोचला पाहिजे.

प्रश्न : संध्याकाळी पट्टा बांधून कमाटीबागेत फिरवायला नेलं तर चालेल? आणि उत्तरायणला सगळे अगाशीवर असतो, तेव्हा त्याला एकटं ठेवावं का? (वाघोडिया रोड)

उत्तर : दुसऱ्याचं उत्तर आधी. उत्तरायणला त्याला अगाशीवर मुळीच नेऊ नका, आणि नंतरचा महिनाभरही. मांज्याचे तुकडे कुंड्यांत, पन्हळीत, दोरीवरच्या कपड्यांत अडकून राहतात. गिळलेला दोरा आतड्यात लांबच लांब पसरतो, एक टोक अडकतं आणि आतडं त्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं. काचेचा मांजा असेल तर आतून कापतोही. अगाशीवरून खाली आल्यावर आपल्या कपड्यांना, चपलांना चिकटलेला दोरा झटकूनच खोलीत जा. त्या दोन दिवशी फेरेटची खोली बंद, खिडकी बंद, आणि दर तीन-चार तासांनी कुणीतरी खाली येऊन खाणं-पाणी बघायचं.

बागेत नेण्याआधी लसीकरण हवं. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर फेरेटला झाला तर तो जवळजवळ नक्की मरतो, आणि आपल्या रस्त्यांवर मोकळी कुत्री किती ते तुम्ही जाणताच. मात्र कुत्र्याची कुठलीही डिस्टेंपरची लस सरसकट टोचून घेऊ नका, काही जिवंत लशींनी फेरेटला तोच रोग होऊ शकतो. फेरेट हाताळलेल्या डॉक्टरलाच विचारा. शहरात असे कुणी सापडले नाहीत तर आणंदचं पशुवैद्यकीय महाविद्यालय फार दूर नाही, तिथे चौकशी करा. हे होईपर्यंत तो घरातच बरा. त्याला बाग लागत नाही, जमीन लागते, ती घरात देता येते. आणि घरात कुणाला फ्लू असेल तर त्याने फेरेटच्या खोलीत जाऊ नये. आपला फ्लू त्याला होतो. माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३मध्ये लंडनच्या संशोधकांनी वेगळा केला तो फेरेटच्याच मदतीने.

प्रश्न : शेजारी म्हणतात, तुम्ही मुंगूस पाळलाय, तक्रार करू. (कारेलीबाग)

उत्तर : मुंगूस वेगळ्या कुळातला वन्य प्राणी आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, तो पाळणं गुन्हाच आहे. फेरेट मुंगूस नव्हे. खरेदीची पावती, लसीचं कार्ड आणि डॉक्टरने प्राण्याचं नाव लिहिलेला कागद जवळ ठेवा आणि शेजाऱ्यांना एकदा घरी बोलावून दाखवा. त्यांच्याकडे पोपट, ससा किंवा गिनीपिग असेल तर मात्र फेरेट तिकडे कधीही जाता कामा नये. ती त्याच्या लेखी शिकार आहे.

प्रश्न : सगळं करूनही निसटला तर? (दोन-तीन पत्रांत हाच प्रश्न आहे.)

उत्तर : आधी घराचं मुख्य दार लावा आणि घरच शोधा, कारण बहुतेक वेळा तो घरातच गाढ झोपलेला असतो. फेरेटची झोप इतकी गाढ असते की उचलला तरी काही क्षण जागा होत नाही. पंखा, टीव्ही, मिक्सर सगळं बंद करा. कुणीही सोफ्यावर, दिवाणावर बसू नका. मशीनचा ड्रम, कपाटाचे खण, पांघरुणांच्या घड्या, उशांचे अभ्रे हाताने चाचपा. मग डबी वाजवा, आणि दोन मिनिटं शांत राहून ऐका.

घरात नाही याची खात्री झाली तर जिना, वरून खाली, प्रत्येक मजल्यावरचे चपलांचे स्टँड आणि मीटरच्या पेट्यांच्या खालची जागा. तळाला पार्किंगमध्ये गाड्यांच्या खाली आणि बॉनेटमध्ये. वॉचमनला आणि शेजाऱ्यांना फोटो दाखवून सांगा, की दिसला तर धावू नका, दारं लावून घ्या आणि फोन करा. त्याची वापरलेली, न धुतलेली चादर पिंजऱ्यात घालून पिंजरा उघडा करून जिन्याच्या तळाशी ठेवा, शेजारी वासाचं खाणं आणि पाण्याची वाटी. पहाटे आणि तिन्हीसांजेला तो जास्त हालतो, त्या दोन वेळांना कुणीतरी तिथे डबी घेऊन बसावं. उन्हाळा असेल तर शोध रात्रीवर ढकलू नका, सावलीच्या आणि ओलाव्याच्या जागा आधी बघा : टाकीखालची जागा, गटाराची कड, कुंड्यांची मागची बाजू. सापडल्यावर अंग तपासा, पाणी द्या, आणि ज्या फटीतून गेला ती फट बुजवेपर्यंत तो पिंजऱ्यातच राहू दे.